पुण्यातल्या शीख कुटुंबांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

कॉलेजचा प्रकल्प असो किंवा आपल्या पेठेचा, आपल्या उपनगराचा इतिहास लिहायचा असो, पुण्यातल्या शीख कुटुंबांच्या मुलाखती घ्यायला निघालेली मंडळी पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच विचारतात: ‘तुम्ही पंजाबातून पुण्यात कधी आलात?’ निम्मी मुलाखत इथेच बिघडते. समोरच्या माणसाचं घराणं कदाचित पंजाबातून आलेलंच नसतं. आलेलं असलं तर तो पंजाब आज पाकिस्तानात असतो. आणि त्यांचा जन्म खडकीतला असेल, तर ‘आलात’ या शब्दाने आपण त्यांना सुरुवातीलाच पाहुणं ठरवलेलं असतं. मुलाखतीला बसण्याआधी निदान इतका गृहपाठ हवा की हा प्रश्न विचारावाच लागू नये.

कोणाचं घराणं कुठून

पुण्यातला शीख समाज एका गठ्ठ्याने आलेला नाही. फाळणीत रावळपिंडी, गुजरांवाला, सियालकोट, लायलपूर, शेखुपुरा या भागांतून निघालेली कुटुंबं आहेत. फौजेमुळे आलेली आहेत. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात, शिवाय खडकी, देहूरोड आणि दापोडीचं सीएमई (लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय), त्यामुळे बदलीवर आलेला जवान किंवा अधिकारी निवृत्तीनंतर इथेच घर करून राहिला, असं अनेकदा घडलं. १९६०च्या दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, तेव्हा कामगार, इंजिनियर, ट्रक वाहतूकदार, गॅरेजवाले, स्पेअर पार्टचे व्यापारी आले. १९८४ नंतर उत्तरेकडची शहरं सोडून आलेली घरंही भेटू शकतात.

दख्खनी शिखांची गोष्ट वेगळी. गुरू गोविंदसिंगांचं निधन १७०८ मध्ये नांदेडला झालं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात शीख शिपायांची पलटण आली आणि त्यांचे वंशज नांदेड-हैदराबाद परिसरात रुजले. त्यांच्यापैकी कोणी पुण्यात असेल तर ते नांदेडहून पुण्याला आलेले, म्हणजे आपल्या लातूर-परभणीच्या शेजाऱ्यासारखेच. सिकलीगर शिखांचा परंपरागत धंदा शस्त्रं घडवण्याचा आणि धार लावण्याचा. त्यांच्या भटकंतीचा रस्ता पुन्हा निराळा. पिंपरी कॅम्पातल्या बऱ्याच सिंधी कुटुंबांची गुरू नानकांवर श्रद्धा आहे आणि त्यांच्या दरबारात गुरू ग्रंथसाहिब असतो, म्हणून त्यांना परस्पर ‘शीख’ या रकान्यात टाकू नका. ते स्वतःला काय म्हणवतात ते विचारा आणि तेच लिहा.

मराठी माणसाला या विषयात शिरायला एक जुना दरवाजा आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगितलं की बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही. पण नामदेवांवरच अर्धा तास घालवू नका. आपण त्यांचं आयुष्य ऐकायला आलो आहोत.

गुरुद्वारातून सुरुवात

अख्खं शहर अंगावर घेऊ नका. एक गुरुद्वारा, त्याच्या भोवतीचा एक भाग आणि आठ ते दहा माणसं, एवढं एका मोसमात नीट होतं. गणेश पेठ, कॅम्प, खडकी, देहूरोड, आकुर्डी यांतलं एक निवडा. प्रत्येक ठिकाणची संगत, म्हणजे तिथे जमणारी मंडळी, वेगळी: पेठेत व्यापारी घरं, खडकी-देहूरोडला फौजी, आकुर्डीकडे कारखान्यातली.

पहिल्यांदा जाल तेव्हा रेकॉर्डर नेऊ नका. रविवारचा दिवाण (सामुदायिक कीर्तन-प्रवचन) आणि गुरुपर्व (गुरूंच्या स्मरणाचा सण) टाळून साध्या दिवशी जा, कारण सणाला कमिटीच्या सेक्रेटरींना श्वास घ्यायला फुरसत नसते. खिशात सिगरेट, तंबाखू, गुटख्याची पुडी असेल तर ती घरीच ठेवा. नुसतं ‘तिथे ओढणार नाही’ म्हणून भागत नाही, आवारात ती वस्तूच चालत नाही. चपला जोडाघरात, हात-पाय धुवायचे, डोकं रुमालाने किंवा ओढणीने पूर्ण झाकायचं. टोपीपेक्षा रुमाल बरा. दाराशी टोपलीत ठेवलेले असतात. दरबारात माथा टेकून जमिनीवर बसा, पाय ग्रंथसाहिबाकडे पसरू नका. कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. नको असेल तर चिमूटभरच मागा, पण हातात पडल्यावर मागे ठेवू नका.

मग लंगर. पंगतीत बसल्यावर वाढणारा ‘परशादा जी’ म्हणत येतो. ती पोळी ताटात टाकून घेत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घेतात. जेवढं घ्याल तेवढं संपवा. जेवून लगेच प्रश्न विचारायला लागू नका, स्वयंपाकघरात जाऊन ‘काही सेवा आहे का’ एवढंच विचारा. लसूण सोलणं, मटार सोलणं, ताटं घासणं, काहीतरी मिळतंच. चार-पाच वेळा अशी सेवा केली की तीस-चाळीस वर्षं तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायका आपणहून बोलायला लागतात. कमिटीकडून मिळणाऱ्या नावांच्या यादीत बहुतेक पुरुषच असतात. बायकांपर्यंतचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो.

हे सगळं झाल्यावर सेक्रेटरींना एक पानी पत्र द्या: आपण कोण, कशासाठी नोंदवतो आहोत, रेकॉर्डिंग कुठे राहणार, ते कोणाला ऐकायला मिळणार. ग्रंथींनाही, म्हणजे ग्रंथसाहिबाचं पठण करणाऱ्यांनाही, वेगळं भेटा. कमिटी बदलत राहते, ग्रंथी बरेचदा जास्त वर्षं टिकतात.

संगमरवरावरची नावं

माणसांशी बोलण्याआधी भिंती वाचा. गुरुद्वाराच्या पायऱ्यांवर, खांबांवर, लंगरच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या बसवलेल्या असतात. त्या पायाखाली असतात म्हणून लोक ओलांडून जातात, पण फाळणीनंतरचा स्थानिक इतिहास इतका नेमका दुसरीकडे क्वचित सापडतो. पाटी साधारण अशी असते: ‘सेवा कराई’, मग देणाऱ्याचं नाव, ‘सपुत्र’ म्हणून वडिलांचं नाव, पिंड म्हणजे गाव, जिल्हा, मग ‘हाल’ लिहून आत्ताचा पत्ता, शेवटी रक्कम आणि तारीख. कधी ‘दी याद विच’, म्हणजे कोणाच्या स्मरणार्थ, तेही असतं. एका पाटीवर दोन पिढ्या, दोन गावं आणि एक साल मिळतं. लंगरच्या जुन्या पातेल्यांवर आणि परातींवर कोरलेली नावंही अशीच उतरवून घ्या. नवी स्टीलची भांडी आली की जुनी मोडीत जातात.

पाट्या बहुतेक गुरुमुखीत असतात. गुरुमुखी शिकायला देवनागरी वाचणाऱ्याला पंधरा दिवस पुरतात, पण सुरुवातीला काही अक्षरं हटकून फसवतात: गुरुमुखीतला ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो आणि ‘म’ आपल्या ‘भ’कडे झुकतो. म्हणून पाटीचा फोटो तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा. दुपारच्या उजेडात किंवा फ्लॅशमध्ये कोरीव अक्षरं सपाट होतात. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि दरबारात पाठ चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका.

तारखांचा घोळ इथेच होतो. आपल्याला शके सालाची सवय, त्यात ७८ मिळवले की इसवी सन. पाटीवर मात्र विक्रम संवत असतं, त्यातून ५७ वजा करायचे: संवत २०१० म्हणजे १९५३. जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ५६ वजा करा. तीन आकडी साल दिसलं तर ते नानकशाही, त्यात १४६८ मिळवा: ५४० म्हणजे २००८. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने नानकशाही कॅलेंडर २००३ मध्ये लागू केलं, तेव्हा अलीकडच्या पाट्यांवर ते जास्त भेटेल.

गावाचं नाव नीट लिहून घ्या

जुन्या पंजाबातल्या जागांची नावं बदलली आहेत. लायलपूरचं फैसलाबाद झालं, मिंटगुमरीचं साहिवाल, कॅम्बेलपूरचं अटक. मुलाखतीत सांगणाऱ्याने जे नाव घेतलं तेच लिहा, आजचं नाव शेजारी टीपेत. कोणी गावाऐवजी ‘चक नंबर अमुक, जी.बी.’ असं सांगितलं तर ते गावच आहे. इंग्रजांनी कालवे काढून वसवलेल्या वसाहतींतल्या गावांना नावाऐवजी आकडे होते, आणि पुढची अक्षरं कालव्याच्या शाखेची: जी.बी. म्हणजे गुगेरा ब्रँच, जे.बी. म्हणजे झंग ब्रँच, आर.बी. म्हणजे रख ब्रँच. अक्षरं गाळून नुसता आकडा लिहिला तर गाव सापडणार नाही, कारण तोच आकडा दोन शाखांवर असू शकतो.

असं चकातलं घराणं बहुतेक एकदा आधीच उठून आलेलं असतं, अमृतसर किंवा जालंधरकडून कालव्याच्या जमिनीवर. म्हणजे १९४७ हे त्यांचं दुसरं स्थलांतर. ‘त्याआधी आजोबांचं गाव कोणतं?’ हा प्रश्न विसरू नका.

फाळणीची तारीख सगळ्यांसाठी ऑगस्ट १९४७ नसते. रावळपिंडी भागात मार्चमध्येच दंगली पेटल्या आणि कित्येक शीख कुटुंबं तेव्हाच निघाली. एखाद्या आजी ‘होळीच्या सुमाराला घर सोडलं’ म्हणाल्या, तर त्यांना दुरुस्त करू नका. त्या बरोबर सांगत असतात.

मुलाखतीची बैठक

घरी घ्या, लंगर हॉलमध्ये नको. तिथल्या भांड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. एका बैठकीला पाऊण तास, फार तर तास. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्यापुढे थकवा येतो आणि उत्तरं तुटक होतात. दुसरी बैठक आठवड्याने ठेवा. मधल्या दिवसांत त्यांना बरंच आठवतं आणि कपाटातले कागदही बाहेर निघतात.

साधा फोन चालेल, पण एअरप्लेन मोडवर. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, म्हणून निघताना फोनमध्ये निदान २ जीबी मोकळे हवेत. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतात, पण इथे दाढी आडवी येते. छातीच्या मधोमध लावलेल्या माइकवर ती घासत राहते आणि पूर्ण रेकॉर्डिंगभर सुकी पानं चुरगाळल्यासारखा आवाज येतो. माइक एका बाजूला, कुर्त्याच्या खांद्याजवळ लावा आणि दोन मिनिटं बोलून, ऐकून मगच सुरुवात करा. दुसरा आवाज कड्याचा: बोलताना हात टेबलावर आला की लोखंडी कडं टणकन वाजतं. कडं काढायला कधीही सांगू नका, तो ककार आहे, म्हणजे शिखांच्या पाच धार्मिक खुणांपैकी एक. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, प्रश्न मिटला.

हाक काय मारायची? काही ज्येष्ठांना ‘सरदारजी’ आवडतं, काहींना ते ऐकताच आयुष्यभर ऐकलेले विनोद आठवतात. नातवंडं जे म्हणतात ते विचारून घ्या: दारजी, बीजी, बाऊजी. वाड्यात-चाळीत वाढलेल्यांना काका-काकूच जवळचं वाटतं. भाषा त्यांना निवडू द्या. मराठी उत्तम येणारी माणसंही आईबद्दल बोलताना पंजाबीत जातात. तिथे थांबवून ‘मराठीत सांगा’ म्हटलं की ओघ आटतो.

नवरा-बायको एकत्र बसले की नवरा उत्तरं देतो. दोघांची बैठक वेगळी ठेवा आणि बाईंची मुलाखत शक्यतो बाईने घ्यावी.

प्रश्न छोटे आणि हाताला लागतील असे ठेवा. ‘पुण्यात स्थिरावताना काय अडचणी आल्या?’ याला भाषण मिळतं. त्याऐवजी: पहिली खोली कोणाची होती, भाडं किती? खोली देताना मालकाने काय विचारलं? तंदूर कुठे लावला, शेजारच्यांनी धुराची तक्रार केली का? पहिल्या दुकानाला माल उधारीवर कोणी दिला? घरात पोहे पहिल्यांदा कोणी केले? मुलाची पगडी शाळेत जाताना कोण बांधायचं, आणि पी.टी.च्या तासाला काय व्हायचं? मुलीचं लग्न ठरवताना स्थळ पुण्यातलं पाहिलं की दिल्लीचं? गणपतीच्या वर्गणीला कोणी आलं का, आणि मंडळात कधी काम केलं का? वाहतूक पोलिसांनी हेल्मेटवरून अडवलं का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखांना हेल्मेटची सूट आहे, तरी रस्त्यावर वाद होतो. त्या वादातून शेजाराबद्दल पुष्कळ कळतं.

१९८४ चा विषय आपण थेट काढू नये. जूनमधली सुवर्ण मंदिरावरची कारवाई, ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाल्यानंतर दिल्लीत आणि इतरत्र झालेलं हत्याकांड आणि पुण्यात १० ऑगस्ट १९८६ रोजी सुवर्ण मंदिरावरच्या कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या: या तिन्ही घटनांचं ओझं इथल्या शीख घरांनी वाहिलं आहे. वैद्य पुण्यातच राहत होते, त्यामुळे ती बातमी इथे घरातली बातमी होती. पहिल्या बैठकीत ‘त्या वर्षांत दुकान कधी बंद ठेवावं लागलं का?’ इतपतच विचारा. ते पुढे गेले तर ऐका, नाही गेले तर सोडून द्या. ‘तुमचं मत काय?’ हा प्रश्न नकोच. शेजाऱ्यांनी काय केलं, मुलांना शाळेत पाठवलं का, हे माणूस सांगू शकतो. आवाज अडखळला तर पाणी द्या, रेकॉर्डिंग थांबवू का विचारा, आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायला पुढचा प्रश्न टाकण्याची घाई हमखास होते. ती आवरा.

परदेशातली फांदी

जवळजवळ प्रत्येक घराची एखादी फांदी बाहेर असते: साउथहॉल, ब्रॅम्प्टन, कॅलिफोर्निया, नैरोबी. तिची नोंद घेतली नाही तर कुटुंबाचा नकाशा अर्धा राहतो. इथे साल विचारलं की अर्धी गोष्ट आपोआप उलगडते. १८९६ ते १९०१ या काळात पूर्व आफ्रिकेत कोणी गेलं असेल तर युगांडा रेल्वेचं काम आठवा. तिथून १९७२ च्या आसपास ब्रिटनला गेले असतील तर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने केलेली हकालपट्टी.

कॅनडाचं साल १९०८ च्या आधीचं की नंतरचं, हे पाहा. त्या वर्षी ‘मायदेशातून न थांबता प्रवास’ केल्याशिवाय उतरू न देण्याचा नियम आला, आणि भारतातून तसं जहाजच नव्हतं. तो नियम आव्हानायला १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला गेलं. त्यांतले ३४० शीख होते. दोन महिने बंदरात अडवून जहाज परत पाठवलं आणि कोलकात्याजवळच्या बजबजला उतरताना गोळीबार झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली ती २०१६ मध्ये. ब्रिटनमधल्या फांदीला पगडीबद्दल जरूर विचारा: वुल्व्हरहॅम्प्टनच्या बस कर्मचाऱ्यांचा पगडीसाठीचा लढा १९६७ ते १९६९ चालला, आणि मोटारसायकलवर हेल्मेटची सूट १९७६ मध्ये मिळाली. त्या पिढीची माणसं अजून फोनवर भेटतात.

या परदेशी इतिहासात पुणे जिल्ह्याचाही माणूस आहे. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरे इथले विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले, इंग्रज राज्य उलथवण्यासाठी परदेशातल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीत शिरले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. आपल्याकडे हे नाव शाळेत जेमतेम कानावर पडतं. पंजाबी घरात मात्र ते काढून पाहा.

कागद आणि फोटो

काय मागायचं ते नाव घेऊन मागा, नाहीतर ‘काही उरलं नाही’ असं उत्तर येतं. फौजेचं डिस्चार्ज बुक, जुनं रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दुकानाचा परवाना, लग्नपत्रिका, आणि फाळणीतल्या मालमत्तेच्या दाव्याचे कागद. १९५० आणि १९५४ च्या कायद्यांखाली निर्वासितांनी हे दावे केले होते. पश्चिम पंजाबात शिकलेले जुने पुरुष उर्दूत लिहीत, बायका गुरुमुखीत. एकाच पेटीतल्या पत्रांसाठी दोन वाचणारे लागतात, ही तयारी आधीच करून ठेवा.

कागद घरी आणू नका. तिथेच खिडकीजवळ फोटो घ्या, किंवा स्कॅनर न्या: कागदाला ३०० डीपीआय, फोटोला ६००. अल्बमला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, फाटतो. आधी पूर्ण पान टिपा. फोटोची मागची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथे असते.

नोंद, नावं, परत देणं

मुलाखत संपल्यावर संमतीपत्र भरून घ्या, सुरू होण्याआधी नको. काय सांगितलं हे माहीत झाल्यावर दिलेली संमती खरी. पर्याय तीन ठेवा: सर्वांना ऐकता येईल, फक्त अभ्यासकांना, किंवा ठरावीक वर्षांनंतर. एखादा भागच बंद ठेवायचा असेल तर त्याची मिनिटं लिहून घ्या.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा ते आठ तास जातात, पंजाबी असेल तर त्याहून जास्त. नावांची सूची करताना आडनावावर विसंबू नका. सिंग आणि कौर लावणारी शेकडो माणसं निघतील. नाव, वडिलांचं नाव, पिंड, जिल्हा असे चार रकाने ठेवा. सिंग की सिंह, ते माणूस स्वतः लिहितो तसंच. फाइलचं नावही तारीख, भाग आणि अनुक्रमांक अशा साच्यात ठेवा, त्यात व्यक्तीचं नाव नको. प्रती तीन: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या पत्त्यावर.

उतरवलेला मजकूर आधी त्या कुटुंबाला दाखवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. नातेवाइकांची नावं, भांडणं, पैशांचे आकडे यांवर लोक इथे हात ठेवतात. ते काढून टाका, वाद घालू नका. रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर त्यांना द्या आणि मुलांना ती कशी उघडायची ते दाखवा. एक प्रत गुरुद्वारालाही द्यायची असेल तर त्याची संमती वेगळी घ्या, कारण घरात सांगितलेली गोष्ट संगतीसमोर वाजावी असं प्रत्येकाला वाटत नाही.